न दमणारं मेंढरू

हातकणंगले,
१२ डिसेंबर

चि. धाकटीस,


तुझा निरोप पोचला. जानेवारीअखेर पुण्याचं बिऱ्हाड मोडून आळत्याच्या वाटेवरच्या मळ्यात राहायला येणार, बरोबर कोको येणार, आणि तिच्यासाठी तो 'हर्डिंग बॉल' म्हणतात तसला भला मोठा चेंडू घ्यायचा, तर कोणता घेऊ, हे मला विचारतेस. तुझी मामी म्हणाली, "कुत्र्यातलं ह्यांना काय कळतंय?" तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण पोरांना पीटी शिकवण्यात जन्म गेला माझा. चेंडू, ब्लॅडर आणि पंप ह्या तीन गोष्टी मला कळतात. कुत्र्याबद्दल जे लिहितोय ते धनगरांच्या तळावर बसून ऐकलेलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलेलं आणि थोडंफार वाचलेलं.

आधी एक गोष्ट ध्यानात घे. आपल्याकडच्या कुत्र्याला असला चेंडू दिला तर तो एकदा हुंगेल, लघवी करेल आणि सावलीला जाऊन झोपेल. धनगराचं कुत्रं राखणीचं. रात्री वाघरीभोवती फिरायचं, लांडगा आला की अंगावर जायचं, एवढंच त्याचं काम. मेंढरं वळवायचं काम धनगर स्वतः करतो, शिट्टीनं, हाकेनं आणि काठीनं. मुधोळचं कुत्रं तर शिकारीचं. डोळ्यानं हेरायचं आणि पळून धरायचं. तुझी कोको बॉर्डर कोली. तिच्या पूर्वजांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या एकच केलं: मेंढराला न चावता, नुसत्या नजरेनं आणि दबा धरून पुढं ढकलायचं. नॉर्थंबरलंडात १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडं जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा ह्या जातीचा मूळ पुरुष मानतात. तो न भुंकता, गुपचूप काम करायचा म्हणून त्याची पिल्लं मेंढपाळांनी मागून नेली. असलं रक्त वाकडच्या चौथ्या मजल्यावर कोंडलंस, म्हणून ती तुझ्या सोसायटीतल्या पोरांच्या सायकलींमागं लागते आणि टाचा धरते. ती खोडकर नाही, बेकार आहे. चेंडू घ्यायचा तो तिला काम म्हणून.

पण ह्या कामात एक खोट आहे, आणि हे सगळं पत्र मी तेवढ्यासाठीच लिहितोय. मेंढरू दमतं. चरतं, बसतं, रवंथ करतं, तिन्हीसांजेला वाघरीत जातं आणि कुत्र्याची सुटी होते. चेंडू दमत नाही. तो ढकलला की पळतो, परत ढकलला की परत पळतो. बॉर्डर कोलीला 'पुरे' हा शब्द जन्मजात येत नाही; पाय लटपटेपर्यंत ती ढकलत राहील. तेव्हा सुटी द्यायचं काम चेंडूकडून होणार नाही, ते तुझ्याकडं आलं. चेंडू अंगणात टाकून तू लॅपटॉपवर बसणार असशील तर घेऊच नकोस.

आता माप. चेंडू कुत्र्याच्या तोंडात मावता कामा नये, एवढंच नाही, तर जबड्यानं त्याला कुठं पकडच मिळता कामा नये. पकड मिळाली की ढकलणं संपलं आणि फाडणं सुरू झालं. लहान चेंडूचा धोका निराळाच आहे. टेनिसचा चेंडू मोठ्या कुत्र्याच्या घशात अडकून जीव गेल्याचं डॉक्टर सांगतात. हिशेब सोपा: चेंडूची उंची कुत्र्याच्या खांद्याएवढी किंवा दोन-चार बोटं जास्त. बॉर्डर कोलीची मादी खांद्याशी साधारण ४६ ते ५३ सेंटिमीटर भरते. म्हणजे तुला ५५ सेंटिमीटरचा लागेल. ४५ चा स्वस्त पडतो म्हणून घेशील तर ती वरून उडी मारून त्याच्यावर चढेल आणि पाठीच्या कण्याला हिसका बसेल. ६५ चा जर्मन शेफर्डला ठीक. तिला तो जड जाईल आणि नाक घासून घासून सोलून निघेल.

बाजारात दोन तऱ्हा दिसतील. एक कडक प्लॅस्टिकचा, हवा न लागणारा. तो फुटत नाही हे खरं, पण कुत्रं त्याला सुळे घासत बसतं, दाताचे टवके उडतात आणि फरशीवर त्याचा असा आवाज होतो की शेजारी भांडायला येतील. दुसरा आत रबराचं ब्लॅडर आणि वरून जाड कापडाचं चेन लावलेलं कव्हर. हा घे. कव्हरावर धरायला पट्टे किंवा कापडी कान शिवलेले असतील तर तो मात्र नको. दुकानदार म्हणेल, कुत्र्याला ओढून आणायला सोय. आपल्याला ओढायला शिकवायचं नाही, ढकलायला शिकवायचंय. आणि जिममधला व्यायामाचा चेंडू नुसता, कव्हराशिवाय देऊ नकोस; कोकोच्या नखांपुढं तो एक सकाळ टिकणार नाही.

कव्हराचं बारकाईनं बघ. शिवण आतून असावी, बाहेरून दोरा दिसू नये. चेनीवर झाकण पाहिजे आणि चेनीचं लोखंडी जिभळं त्या झाकणाखाली जाऊन बसलं पाहिजे, कारण कुत्रं पहिला दात तिथंच लावतं. जिभळं लोंबत असेल तर ते कापून टाक आणि उघडायला नाड्याचा तुकडा ओवून ठेव, काम झालं की काढून घे. कव्हर फाटलं तर फिकीर करू नकोस. इचलकरंजी इथून हाकेच्या अंतरावर आहे, कापडाला तोटा नाही. रिक्षाचं हूड शिवणारा माझ्या ओळखीचा आहे. जाड कॅनव्हासच्या सहा पाकळ्या कापून नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई मारून देईल. कंपनीच्या कव्हरापेक्षा ते जास्त टिकेल, अशी माझी खात्री आहे.

हवा भरणं हा माझा प्रांत, इथं जरा पाल्हाळ सोस.

ब्लॅडर आधी मोकळं भरून बघायचा मोह होतो. तसं करू नकोस. कव्हराचा आधार नसला की ते वाटेल तसं फुगतं आणि एका अंगाला पातळ होतं. रिकामं ब्लॅडर कव्हरात घाल, हात घालून सगळ्या बाजूंनी सारखं पसर, घडी राहू देऊ नकोस. जिथं घडी राहते तिथं आठवड्यात भोक पडतं. बुचाचं तोंड चेनीच्या उघड्या बाजूला ठेव, पण नेमकं चेनीच्या दातांखाली येऊ देऊ नकोस. मग निम्मी हवा भर, चेंडू चारी अंगांनी थोपट, लोळव, परत भर. कव्हराच्या बहुतेक सुरकुत्या गेल्या की थांब आणि रात्रभर तसाच ठेव. रबर आणि कापड दोन्ही ताणतात. सकाळी चेंडू सैल लागेल. तेव्हा उरलेली हवा भरायची. पहिल्याच बैठकीत टच्च भरलास तर शिवण उसवेल.

किती भरायची? पाच नंबरचा फुटबॉल २२ सेंटिमीटर व्यासाचा. नियमाप्रमाणं त्याच्यात ८.५ ते १५.६ पीएसआय दाब चालतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची पोरं खेळतात ते चेंडू ह्याच मापात असतात, आणि आम्ही शाळेतही तेच धरायचो. तोच आकडा मनात धरून ५५ सेंटिमीटरचा चेंडू भरशील तर तो तुझ्या तोंडावर फुटेल. दाब सारखा असला तरी चेंडू जेवढा मोठा तेवढा त्याच्या कातड्यावर ताण जास्त. व्यास अडीचपट तर ताणही अडीचपट. म्हणून मोठ्या चेंडूत हवा पुष्कळ जाते, पण दाब अगदी थोडा लागतो. ह्याच कारणानं पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊन भरायचा नाही. तो एका फुर्रक्यात ट्रकच्या चाकाएवढा दाब सोडतो आणि आपल्याला थांबायला वेळ मिळत नाही. हवेच्या गादीला असतो तसला पायपंप घे, दाबताना आणि सोडताना दोन्ही वेळा हवा ढकलणारा.

मोजायला गेज नको, टेप पुरे. चेंडू भिंतीला टेकव, दुसऱ्या बाजूनं पाट उभा करून चेंडूला लाव आणि भिंत ते पाट अंतर मोज. कव्हरावर लिहिलेल्या मापापेक्षा ते एखादा सेंटिमीटर कमी असावं. मग अंगठा दाब: कापड थोडं आत जाऊन लगेच वर आलं पाहिजे, आणि दोन्ही हातांनी चिमटा घेतला तर कापडाची घडी हातात येता कामा नये. तुझ्या चिमटीत आली ती कोकोच्या दाढेतही येणार. ह्यासाठीच सांगतो, अर्ध्या हवेचा चेंडू तिला एकदाही देऊ नकोस. नवीन कुत्रं घाबरतं म्हणून काही लोक पहिले दिवस मऊ चेंडू देतात. कुत्रं चावायला शिकतं आणि मग ते मोडता मोडत नाही.

पिनचं ब्लॅडर मिळालं तर पिनेला खोबरेल किंवा गाडीचं ऑइल लावू नकोस. तेलानं रबर कुजतं. थुंकी लाव, नाहीतर साबणाचं पाणी. लॅटेक्सचं ब्लॅडर चार दिवसांत हवा सोडतं, तो त्याचा स्वभावच. ब्युटिलचं धरून ठेवतं. सकाळच्या गारव्यात भरलेला चेंडू मार्चच्या दुपारी उन्हात राहिला तर आतली हवा फुगते आणि शिवणीवर येते. त्याउलट डिसेंबरच्या पहाटे तो सैल वाटेल, लगेच पंप घेऊन धावू नकोस, ऊन वर आल्यावर बघ.

शिकवायचं कसं, हे मला वाचून जे पटलं ते सांगतो. जर्मनीत ट्राइबबाल नावाचा खेळ आहे, यान नायबूर नावाच्या डच प्रशिक्षकानं काढलेला. आठ मोठे चेंडू त्रिकोणात मांडतात, कुत्रं लांब वळसा घालून त्यांच्या मागं जातं आणि धन्याच्या सांगण्यावरून एकेक चेंडू गोलात आणतं. धनी गोलाजवळच उभा. मला ह्यातली एवढीच गोष्ट मोलाची वाटली, की चेंडू धन्यापासून लांब न्यायचा नसतो, धन्याकडं आणायचा असतो. म्हणजे कुत्र्याचं ध्यान चेंडूवर असलं तरी कान माणसाकडं राहतात. पहिले काही दिवस चेंडू स्कूटरच्या जुन्या टायरमध्ये बसव, हलू देऊ नकोस. कोकोनं नाक लावलं की 'शाब्बास' आणि भाकरीचा तुकडा. पंजा मारला तर काही नाही, दात लावला तर चेंडू उचलून घरात. हे जमल्यावर टायर काढ, तू चेंडूच्या ह्या अंगाला, ती पलीकडच्या अंगाला. आणि ढकलायला शिकवण्याआधी 'बस' शिकव. चेंडू पळत असताना, ती त्याच्या मागं असताना, तुझ्या एका शब्दावर ती जमिनीला पोट लावते का? तोवर मोकळं रान तिला दाखवायचं नाही.

दहा मिनिटं. पुण्यात थंडीत पंधरा होतील, पण इथं एप्रिल-मेमध्ये सकाळी साताच्या आत आणि दहाच मिनिटं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. त्यात तिच्या अंगावर ती दाट लोकर. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबायला लागली की थांबव. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, मागचे पाय वाकडे पडायला लागले तर ते दमणं नव्हे, ऊन लागलंय. ताबडतोब सावलीत घेऊन हौदाचं पाणी अंगावर, पोटावर ओत, वारा घाल, आणि मगच डॉक्टरकडं पळ. आधी गार करायचं, मग न्यायचं. शिवाय ह्या जातीत एक विकार आहे: एरवी धडधाकट कुत्रं पाच-दहा मिनिटांच्या जोराच्या धावपळीनं झिंगल्यासारखं करतं, कोलमडतं आणि अर्ध्या तासात बरं होतं. असं एकदा जरी दिसलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेंडू काढायचा नाही.

डोक्याचं काम पायांच्या कामाइतकंच दमवतं. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'चेसर' नावाच्या बॉर्डर कोलीला १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती, त्यात शंभरावर नुसते चेंडू. एवढ्या डोक्याच्या जनावराला रिकामं ठेवलं तर ते भिंतीवरच्या उजेडामागं, सावल्यांमागं धावायला लागतं आणि तो छंद रोगापर्यंत जातो. पावसात चार दिवस बाहेर पडता आलं नाही तर चेंडू घरात आणू नकोस, तिला वस्तूंची नावं शिकव.

आता मळ्याचं. तुझ्या आईच्या वाटणीला आलेल्या रानात दोन जागा आहेत जिथं चेंडू न्यायचाच नाही. एक विहीर; तिचा कठडा पूर्वेकडून ढासळलाय, अजून बांधून झाला नाही. दुसरं शेजाऱ्यांचं शेततळं. विहिरीत पडलेलं कुत्रं निदान ओरडतं. शेततळ्याचा कागद इतका निसरडा की पोहून काठाला आलेल्या जनावरालाही वर चढता येत नाही. चेंडू उताराला लागला की कोको मागं जाणार, तिला पाणी दिसणार नाही. मी शेततळ्यात दोर सोडून ठेवायला सांगितलंय, पण तू घराच्या पश्चिमेचं सपाट रानच वापर. फेब्रुवारीत ऊस तुटून गेल्यावर रान मोकळं दिसेल, त्याला भुलू नकोस. तुटलेल्या उसाचे बुडखे तिरपे आणि धारदार असतात. चेंडू वाचला तरी तिचे पंजे चिरतील. पश्चिमेच्या रानात बाभूळ नाही, पण सराटे आहेत. पायातल्या चपलेचा तळ बघितलास की कळेल. रोज खेळून झाल्यावर कव्हरावरून हात फिरव, रुतलेला सराटा चिमट्यानं काढ. तो कापडात राहिला तर दुसऱ्या दिवशी ब्लॅडरपर्यंत जातो.

धनगरांबद्दल बजावून सांगतो. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा होते. भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं होतं, फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला कर्नाटकापर्यंतची माणसं येतात, हे तू लहानपणी पाहिलंयस. त्यानंतर सुगी सरली की मेंढरांच्या खांडी आपल्या रानांतून जातात, आणि खतासाठी आपणही दोन रात्री मेंढरं बसवून घेतो. त्या वेळी कोको घरात, दाराला कडी. "माझं कुत्रं मेंढरांचंच आहे, बघा कसं वळवतं," असली हौस मनात आणू नकोस. न शिकलेली कोली खांडीत शिरली तर मेंढरं दाही दिशांना फुटतात, गाभण मेंढी गाभडते, आणि नुकसान कुणाचं तर ज्याचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर आहे त्याचं. वर त्यांची राखणीची कुत्री तिला लांडगा समजून फाडतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. चेंडू ढकलता आला म्हणजे मेंढरं राखता आली असं होत नाही. चेंडूला भीती नसते.

निगा फारशी नाही. चिखल लागला तर साध्या पाण्यानं धू, कव्हर काढून सावलीत वाळव. उन्हात वाळवलेलं कापड वर्षात जीर्ण होतं. हवा कमी होते अशी शंका आली तर ब्लॅडर बाहेर काढून हलकंच फुगव आणि हौदात दाबून धर, बुडबुडे कुठून येतात बघ. काळं रबर असेल तर सायकलचं सोल्युशन आणि ठिगळ चालतं. चकचकीत प्लॅस्टिकचं असेल तर ते चिकटत नाही, त्याला गादीच्या किटमधला गोंद लागतो. ठेवताना कोठीत जमिनीवर ठेवू नकोस, उसाच्या रानातले उंदीर एका रात्रीत चाळण करतील. जाळीच्या पिशवीत घालून आढ्याला टांग. तिथं तो कोकोच्या नजरेआडही राहील, कारण समोर दिसला की ती दिवसभर त्याच्याकडं बघत बसेल. ब्लॅडरचा किंवा कव्हराचा तुकडा कमी दिसला तर कोपरे झाडून शोध. सापडला नाही आणि ती ओकायला लागली, शी झाली नाही, तर वाट न बघता डॉक्टरांकडं ने. रबर आतड्यात अडकतं.

चेंडू मागवण्याआधी तिचं माप पाठव. भिंतीला सरळ उभी कर, मान खाली-वर होऊ देऊ नकोस, दोन्ही खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वही आडवी धर आणि वहीपासून फरशीपर्यंत मोज. डोक्यापर्यंत मोजू नकोस. माप आलं की मी त्या रिक्षाचं हूड शिवणाऱ्याला जादा कव्हरासाठी कॅनव्हास आणून ठेवायला सांगतो. पायपंप मात्र पुण्याहूनच आण, इथं मला मनासारखा मिळाला नाही.

तुझा,
मामा

ता. क. – लसीकरणाचं पुस्तक सामानात खाली घालू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव. स्टेशनपासून मळ्यापर्यंत मोकाट कुत्री पुष्कळ आहेत; रेबीजची लस चुकली असेल तर निघण्याआधी टोचून घे. आणि मामी विचारते, कोको दूध-भाकरी खाते का?